पोस्टिंग आली, आता पोरांच्या शाळेचं काय?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. एसटीत, लेक्चरला, नाहीतर रेंज जाते तिथे ऐकता येत नाही म्हणून बरेच जण इथे येऊन वाचतात. बोललेलंच थोडं नीट करून ठेवलंय, त्यामुळे "बघा", "म्हणजे" जास्त झाले तर चालवून घ्या.

मागच्या पंधरवड्यात एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. माहेर-सासर दोन्ही खटाव तालुक्यात. मिस्टर फौजेत हवालदार. सध्या सगळे जोधपूरला क्वार्टरमध्ये राहतात, दोन्ही मुलं तिथल्या केंद्रीय विद्यालयात. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. आता नगरची, म्हणजे अहिल्यानगरची पोस्टिंग आलीय, आणि तीही ऐन नोव्हेंबरात. ताई म्हणतात, "नगरला क्वार्टर मिळायला सहा-आठ महिने लागतील असं सगळ्या सांगतायत. तोवर गावी जाऊन मुलांना गावच्याच शाळेत घालावं का? सासूबाईंचं पण तेच म्हणणं आहे. क्वार्टर मिळालं की परत केव्हीत टाकू."

साधा प्रश्न वाटतो ना? शेवटच्या वाक्यात खरी गोम आहे. "परत केव्हीत टाकू" हे वाटतं तितकं सोपं नाही. आजचा भाग त्यावरच.

मी स्वतः फौजीची मुलगी. वडील सिग्नल्समधून सुभेदार म्हणून रिटायर झाले. पहिली ते बारावी माझ्या पाच शाळा झाल्या. बरेलीहून निघताना विज्ञानाचा सातवा धडा चालू होता, सिकंदराबादला पोचले तर तिथे पाचवा. पण पुस्तक तेच, एनसीईआरटीचं. वर्गात बसल्यावर मैत्रीण एकही नव्हती, धडा मात्र ओळखीचा होता. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. फौजीच्या मुलांसाठी "चांगली शाळा कुठली" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ही शाळा पुढच्या गावात आपल्याबरोबर येते का?

केंद्रीय विद्यालयं या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच सुरू झाली. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने योजना मंजूर केली आणि १९६३ मध्ये, फौजी मुलं जास्त असलेल्या ठिकाणच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. तेव्हा नाव होतं सेंट्रल स्कूल. आज देशभरात बाराशेहून जास्त केव्ही आहेत. बोर्ड एक, पुस्तकं एक, वेळापत्रकसुद्धा साधारण एकच. आपल्याकडे पुण्यात गणेशखिंड, देहूरोड, साउदर्न कमांड, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, आणि नगरला तर एकापेक्षा जास्त केव्ही आहेत.

आता प्रवेश कसा मिळतो ते नीट बघा, कारण इथे दोन दारं आहेत आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं दार आहे केव्हीतून केव्हीत. वडिलांची बदली झाली, मूल एका केव्हीत शिकतंय, तिथला टीसी घेऊन नव्या गावच्या केव्हीत गेलात, की प्रवेश मिळतो. वर्ष अर्धं सरलं असलं तरी. वर्गात मुलं ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त झाली तर प्राचार्यांना वरच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, त्यात काही दिवस जातात, पण दार बंद होत नाही.

दुसरं दार बाहेरून केव्हीत. पहिलीला ऑनलाइन अर्ज करायचा. वय सहा पूर्ण हवं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिला प्राधान्यक्रम आहे, त्यात फौजी येतात, आणि त्यातही गेल्या सात वर्षांत ज्यांच्या बदल्या जास्त झाल्या त्यांना वरचा नंबर. म्हणून सर्व्हिस सर्टिफिकेट बनवून घेताना बदल्यांचा आकडा बरोबर लिहिलाय का ते ऑफिसातच बघा. बऱ्याच घरी तो कागद कोणी वाचतच नाही! दुसरी ते आठवी मात्र जागा रिकामी असेल तरच. नववीला जागा असूनही परीक्षा द्यावी लागते, पाच विषयांची. आणि एक जुनी आशा काढून टाका: खासदाराचं पत्र. तो कोटा २०२२ मध्ये बंद झाला. गावाकडे अजूनही लोक पत्रासाठी फेऱ्या मारतात, म्हणून सांगितलं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे या. मुलं आज पहिल्या दारात उभी आहेत. जोधपूरच्या केव्हीतून टीसी काढून गावच्या शाळेत सहा महिने घातलं, की ती पहिल्या दारातून बाहेर पडली. मग नगरला क्वार्टर मिळेल तेव्हा ती "केव्हीतून आलेली" नसतील, गावच्या शाळेतून आलेली असतील. मुलाला तिसरीत जागा असेल तर मिळेल. मुलगी तोवर नववीला आलेली असेल, तिला जागाही हवी आणि परीक्षाही. सहा महिन्यांच्या सोयीसाठी केवढी मोठी गोष्ट सुटतेय बघा.

इथे कोणीतरी म्हणेलच की शिक्षण हक्क कायदा आहे ना! आहे. २००९ च्या त्या कायद्याचं पाचवं कलम बदली होणाऱ्या मुलांबद्दलच आहे. मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायचा, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही. पण शाळा बदलून मागण्याचा जो हक्क त्यात दिलाय, त्यातून केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सैनिकी शाळा आणि विनाअनुदानित खासगी शाळा वगळल्या आहेत. म्हणजे सरकारी किंवा अनुदानित शाळेत तुम्ही हक्काने जाऊ शकता, केव्हीत त्या कलमाच्या जोरावर नाही. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतच. तरी टीसीचं वाक्य लक्षात ठेवा. एका शाळेने आमचा टीसी तीन आठवडे अडवून ठेवला होता, तेव्हा आईला हे कलम माहीत असतं तर तिच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या. अर्थात तेव्हा कायदाच नव्हता, ते सोडा.

केव्ही सोडून दुसरी साखळी म्हणजे आर्मी पब्लिक स्कूल, आपलं एपीएस. या शाळा आर्मी वेलफेअर एज्युकेशन सोसायटी चालवते, ती १९८३ ची. शंभराहून जास्त शाळा, बोर्ड सीबीएसई. खडकी, दिघी, देवळाली, नगर, कामठी, मुंबईत कुलाबा अशा छावण्यांमध्ये आहेत. चालू नोकरीतल्या आर्मीवाल्यांच्या मुलांना आधी जागा, मग बाकीच्यांना. फी केव्हीपेक्षा बरीच जास्त, पण रँकनुसार वेगवेगळी, जवानांना कमी आणि अधिकाऱ्यांना जास्त. नेव्हीच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूल आहेत, मुंबई, गोव्यात वास्को, कारवार, कोची, विशाखापट्टणम वगैरे. एअर फोर्सच्या त्यांच्या वेगळ्या, पुण्यात विमाननगरची आहे. या साखळ्या चांगल्या आहेत, पण लहान आहेत. नौदल म्हणजे समुद्र, बदली झाली तरी किनाऱ्यालाच किंवा दिल्लीला, त्यामुळे त्यांचं बऱ्यापैकी जमतं. आर्मीवाला कुठेही फेकला जातो. म्हणून जवानाच्या घराला माझं मत विचाराल तर केव्ही आधी, एपीएस नंतर. इंग्लिश बोलणं एपीएसमध्ये जास्त सुधारतं असं म्हणतात. सुधारत असेलही. पण पुढच्या गावात शाळाच नसेल तर ते इंग्लिश बोलायचं कुणाशी?

खासगी सीबीएसई शाळेत घातलं तर पुस्तकं तीच राहतात, जागेचा भरवसा मात्र शून्य, आणि दर बदलीला नवी प्रवेश फी, नवा गणवेश. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं बंधनकारक झालंय, हेही बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता गावच्या शाळेबद्दल. मी तिच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा उत्तम आहेत, आणि सातारा-कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय: बाप सीमेवर, पोरं आजीजवळ. मूल मराठीत शिकतं, आजी-आजोबा, शेत, जत्रा, भावकी सगळं मिळतं. माझी चुलत भावंडं अशीच वाढली. त्यांच्या बोलण्यात जो गावचा ठसका आहे तो माझ्यात नाही. मी हिंदीत स्वप्नं बघायचे आणि आजीशी बोलताना "उनचास म्हणजे किती गं" असं विचारायचे. एकोणपन्नास हा शब्द मला सातवीत कळला. केव्हीत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृतवर भर. पुरेशा पालकांनी मागणी केली तर प्रादेशिक भाषेचा वर्ग निघू शकतो, आणि छावणीत मराठी घरं चिक्कार असतात, तरी मागणी कोणी करत नाही. प्राचार्यांना एक अर्ज, खाली वीस-पंचवीस सह्या. एवढंच काम आहे ते.

पण गावची शाळा निवडायची तर पूर्ण निवडा. वर्षभर गाव, मग दोन वर्षं पठाणकोट, मग परत गाव, यात सगळ्यात जास्त हाल मुलाचे होतात. "बे दुणे चार" म्हणणारा पोरगा "दो दूनी चार"च्या वर्गात गप्प बसतो, आणि बाईंना वाटतं त्याला पाढे येत नाहीत. शिवाय राज्य मंडळाचं वर्ष जूनला सुरू होतं, सीबीएसईचं एप्रिलला, त्यामुळे मे महिन्यात तुम्ही कुठल्याच वर्गात नसता. आणि नवोदयची आशा असेल तर आणखी एक: सहावीच्या प्रवेशासाठी पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. म्हणजे तिसरीच्या आधीच ठरवायला हवं की हे मूल गावी राहणार आहे.

फिल्ड पोस्टिंगचं काय, असं तुम्ही विचाराल. बाप काश्मीर किंवा अरुणाचलला, तिथे फॅमिली नेता येत नाही. तेव्हा बहुतेक बायका आपोआप गावी येतात आणि साखळी तिथेच तुटते. खरं तर दोन सोयी आहेत. काही स्टेशनांवर अशा कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशन, युनिटमध्ये एसएफए म्हणतात. त्यासाठी अर्ज वेळेत टाकावा लागतो. आणि केव्हीच्या नियमात फौजी आणि निमलष्करी दलांसाठी अशी सवलत आहे की फिल्ड किंवा ऑपरेशनल भागात पोस्टिंग असेल तर कुटुंब आपल्या पसंतीच्या गावी जाऊ शकतं आणि मुलांना तिथल्या केव्हीत टीसीवर प्रवेश मिळतो. गावी न जाता पुण्यात खोली घेऊन राहायचं ठरवलं, तरी मुलं पहिल्याच दारात राहतात.

पैशाचं थोडक्यात. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स १ जानेवारी २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे, प्रत्येक मुलामागे, दोन मुलांपर्यंत. वर्षाचे ३३,७५०. खर्च किती झाला हे दाखवावं लागत नाही, रक्कम ठरलेली आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्ष संपल्यावर एकदा क्लेम करायचा. आता केव्हीची फी बघा: विकास निधी महिन्याला ५००, तिसरीपासून कॉम्प्युटरचे १००, आठवीपर्यंत ट्युशन फी नाही, मुलींना तर पुढेही नाही. म्हणजे वर्षाला सहा-सात हजार. दोन मुलांचे मिळून पन्नास हजारांच्या वर हातात उरतात. दिव्यांग मुलासाठी भत्ता दुप्पट आहे. हॉस्टेलला ठेवलं आणि शाळा घरापासून किमान ५० किलोमीटर असेल, तर महिन्याला ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत हॉस्टेल सबसिडी. हे पैसे पगारात मिसळून जातात आणि शाळेच्या निर्णयात कोणी धरत नाही. धरा. नव्या गावी चार-सहा महिने भाड्याची खोली घ्यायला हेच उपयोगी पडतात, वर क्वार्टर नसेल तर घरभाडं भत्ता मिळतो तो वेगळा.

आता सगळ्यात नाजूक जागा: आठवी संपताना. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एक तुकडा आहे, अकरावी-बारावी दुसरा. बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. दहावीला किंवा बारावीला थेट शाळा बदलायची तर पालकांची बदली वगैरे ठोस कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. बोर्डच बदलणं तर जवळपास अशक्य. म्हणून माझं म्हणणं असं की आठवीपर्यंत मुलांना बरोबर घेऊन खुशाल फिरा, फक्त साखळी तोडू नका. आठवी संपली की पुढची चार वर्षं कुठे, हे कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. कुठे दोन वर्षं, कुठे तीन, हे साधारण माहीत असतंच. दहावी-बारावीसाठी जुनं क्वार्टर काही काळ ठेवण्याचा अर्जही करता येतो, चालू शैक्षणिक वर्षाच्या कारणानेही. मंजुरी स्टेशन हेडक्वार्टरच्या हातात.

आणखी एक, जे बारावीनंतर अचानक कळतं आणि घरात रडारड होते. महाराष्ट्रातल्या मेडिकल-इंजिनीअरिंगच्या राज्य कोट्यात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालीय का, हे बघितलं जातं. फौजी मुलांसाठी डी-१, डी-२, डी-३ असे वेगळे वर्ग आहेत, पण त्यातल्या पहिल्या दोनसाठी वडिलांचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टीवर आलेत तेव्हाच तहसीलमधून काढून ठेवा. त्या-त्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हॉस्टेलचा रस्ताही आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ ची, देशातली पहिली. चंद्रपूरची २०१९ ची. सहावी आणि नववीला अखिल भारतीय परीक्षा, सहावीला वय दहा ते बारा, नववीला तेरा ते पंधरा, आणि २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश. बेळगावला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, तिथे ७० टक्के जागा जेसीओ आणि जवानांच्या मुलांसाठी राखीव आहेत. हा आकडा आपल्या भागात कितीजणांना माहीत आहे? पण मुलाला विचारून पाठवा. बापाला एनडीए हवंय म्हणून दहा वर्षांच्या पोराने घर सोडायचं, हे मला पटत नाही.

तर ताई, तुमच्यासाठी. मिस्टरांना नगरला पुढे जाऊ द्या, तुम्ही मार्चपर्यंत जोधपूरला थांबा. क्वार्टर ठेवण्याचा अर्ज मूव्हमेंट ऑर्डर निघायच्या आतच टाका, मुलांचं चालू वर्ष हे कारण लिहून, शाळेचं बोनाफाईड जोडून. पाच महिने एकटीने काढायचे, पण शेजारी सगळ्या तुमच्यासारख्याच आहेत. निकाल लागला की टीसी घ्या आणि एप्रिलमध्ये सरळ नगरच्या केव्हीत, मुलगी नववीला परीक्षेशिवाय, मुलगा तिसरीला. तोवर क्वार्टरचा नंबरही बराच पुढे सरकलेला असेल. अर्ज नामंजूर झाला तर नोव्हेंबरातच टीसी घेऊन नगरला जा, भाड्याची खोली घ्या, शाळेचा पत्ता बघून. गावी मात्र सुट्टीलाच. सासूबाईंना सांगा, नगरहून खटाव काही जोधपूरइतकं लांब नाही, महिन्यातून एकदा मुलं येतील.

निघताना हातातल्या फाईलमध्ये, ट्रंकेत नाही, एवढं ठेवा: टीसीची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, जन्मदाखला, आधार, पेन नंबर आणि अपार आयडी, डिपेंडंट कार्ड, पोस्टिंग ऑर्डरची प्रत, सर्व्हिस सर्टिफिकेट. आमची ट्रंक एकदा मालगाडीने बावीस दिवसांनी आली होती.

मुलगी आठवीत आहे म्हणजे तिच्या हातात फोन असणार आणि ती हे ऐकत किंवा वाचत असणार. तुला एकच विचारते गं: नगरच्या केव्हीत नववीला संस्कृत आहे का, की दुसरा पर्याय घ्यावा लागेल, हे तू स्वतः शाळेत फोन करून विचारशील का? आईच्या यादीत हे राहून जाईल. आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस मेसेज करून सांग.